बैलांनी ओढलेली क्वाड बाईक: सोनाळ्याच्या डोंगरपायथ्याची एक फेरी

झिरा पाहायचं खूळ माझंच होतं. हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढे जे झालं त्याबद्दल कोणी भास्करला बोल लावणार नाही.

भास्कर माझा जुना मित्र, सोनाळ्याचा शेतकरी. खामगावात माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं, तेव्हा विहिरीवरची मोटार जळली की तो ती घेऊन यायचा आणि काम होईपर्यंत गप्पा मारत बसायचा. डोंगराच्या पायथ्याला पाण्याचा एक झिरा आहे, भर उन्हाळ्यातही आटत नाही, हे त्यानं मला इतक्या वेळा सांगितलं होतं की मला त्याची चवसुद्धा पाठ झाली होती. पुढे दुकान मुलाच्या हाती गेलं आणि गुडघे कुरकुरायला लागले. आता नाही गेलो तर राहूनच जाईल, असं वाटलं. दिवाळी सरली होती, थंडी छान होती. मफलर घेतला आणि निघालो.

जाणाऱ्यांसाठी रस्ता सांगतो. खामगावहून शेगाव, शेगावहून वरवट बकालवरून सोनाळा. थेट एसटी मिळाली तर उत्तम, नाहीतर वरवटला उतरून बदलायची. माझं तिकीट अर्धं लागतं, त्यामुळे खर्चाचा अंदाज माझ्याकडून घेऊ नका. शेगावला कचोरी घ्या, पण तिथेच गरम खा. मी मित्रासाठी म्हणून मांडीवर जपून नेली आणि सोनाळ्याला तेलकट धोतरानं उतरलो. वरवट सोडलं की तुरी-कपाशीच्या वर सातपुडा दिसायला लागतो, आधी धुरासारखा, मग भिंतीसारखा.

स्टँडवर भास्करनं रामराम करायच्या आधी माझे गुडघे पाहिले.

"मिस्तरी, पायी जमन का तुले?"

"जमन हळूहळू."

"हळूहळू म्हंजे उद्याच पोचू आपण. चाल, तुह्यासाठी गाडी आणली."

गाडी म्हणजे लाल रंगाची क्वाड बाईक. चार फुगीर चाकं, मोटारसायकलसारखं हँडल, पुढे बेडकासारखे दोन दिवे. ही भास्करच्या व्याह्यांची, उत्तमरावांची. त्यांचा संत्र्याचा मळा डोंगराकडे, सोनाळ्यापासून तीनेक किलोमीटरवर. बागेत फवारणीचं सामान फिरवायला त्यांनी ती कुठल्याशा बंद पडलेल्या रिसॉर्टकडून जुनी घेतली होती. भास्करची धाकटी लेक शीतल त्याच घरात दिलेली.

"इवायाले काय सांगतलं?" मी विचारलं.

"वावरात चक्कर मारून येतो म्हणलं. ते म्हणाले, न्या ना, इचारता काय. आज शेगावले गेले दर्शनाले. संध्याकाळच्या आंदी पुसून-पासून उभी करून देतो."

इथे एक सांगायला हवं. भास्कर मुलीच्या सासरी जाताना परीक्षेला निघाल्यासारखा जातो. सणावारालाच जाणार, अंगणातल्या खाटेच्या कडेला टेकणार, चहा घेणार, "येतो मंग" म्हणून उठणार. जेवायला बसणं नाही. लेकीच्या घरी आपल्यामुळे कोणाला एक शब्द बोलायची वेळ येऊ नये, एवढीच त्याची धडपड. अशा माणसानं माझ्या गुडघ्यांसाठी व्याह्याकडे गाडी मागितली, यावरून मैत्री समजून घ्या.

दुपारची भाकरी, झुणका आणि मिरचीचा ठेचा बांधून निघालो. गाडीरस्ता शेतांपर्यंत बरा आहे. पुढे नाल्यातून वर चढावं लागतं आणि तिथे रस्ता म्हणजे नुसते दगड. वनखात्याची हद्द झिऱ्याच्या पलीकडे सुरू होते; तिच्या आत परवानगीशिवाय जाऊ नका. भास्कर चालवत होता, मी मागे त्याच्या कमरेला मिठी मारून. क्वाड बाईक दगडावर चढते ही गोष्ट खरी. मागे बसलेल्याच्या बरगड्यांचं काय होतं, ते जाहिरातीत दाखवत नाहीत.

झिरा शंभर पावलांवर असताना मागून खाडकन आवाज आला आणि गाडी दोन मोठ्या दगडांमध्ये बसली. इंजिन चालू, चाकं जाम. साखळी तुटून मागच्या दातेरी चाकात गुंडाळली होती.

भास्कर उतरला, पाहिलं, आणि दगडावर बसला. म्हणाला, "शीतलले काय वाटन बे?"

मी पक्कड घेऊन आडवा झालो. साखळी सोडवायला अर्धा तास गेला. एका कडीत मला चक्क बांधकामाची तार पिळून बसवलेली दिसली. आयुष्यभर तारेत हात घातलेला मी माणूस, पण ही बाहेरच्या देशातली गाडी. मला वाटलं, तिकडे अशीच पद्धत असेल. हे मी भास्करला मोठ्या गंभीरपणे सांगितलंही. त्यानं मान डोलावली.

एका उंच दगडावर चढल्यावर मोबाईलला रेंज मिळाली. सोनाळ्याच्या हबीबभाई वेल्डरांना फोन लावला.

"साखळी तुटली, भाई. नवी मिळन का?"

"गाडी कोणती हाये?"

"लाल. चार चाकाची. उत्तमरावची."

पलीकडून हबीबभाई म्हणाले, "अच्छा, ते. असं करा, न्यूट्रल टाका, बैल लावा, घिऊन या. बाकी मी काई बोलत नाही."

बोलत नाही म्हणजे काय, हे विचारायचं आम्हाला सुचलं नाही.

भास्कर बैल आणायला त्याच्या शेतात गेला. तासभर मी मोकळा. काठी टेकत झिऱ्यापर्यंत गेलो. खडकाच्या पोटातून पाणी येतं, खाली परातीएवढा डोह, त्यात उंबराची चार पानं. इतक्या वर्षांचं ऐकलेलं, आणि एवढंसं. ओंजळभर प्यालो. भास्करनं सांगितलेली चव अगदी बरोबर होती. मग तिथेच बसून भास्करच्या वाटणीची कचोरीही खाल्ली. हे त्याला इथे वाचूनच कळेल.

कप्तान आणि मंत्री ही बैलजोडी भास्करनं याच पोळ्यानंतर उत्तमरावांकडूनच विकत घेतलेली. चांगली तगडी. पण मागे वळून त्या दोन दिव्यांकडे पाहिलं की त्यांचे पाय हलेनात. शेवटी माझा मफलर दिव्यांवरून बांधला. मग जूला सोल, म्हणजे जाड दोर, बांधला, मी हँडल आणि ब्रेक धरून गाडीवर, भास्कर पुढे कासरा धरून. दगडामागे दगड, इंच इंच करत नाल्याबाहेर आलो. ज्यांना क्वाड बाईकची हौस आणि भीती दोन्ही आहे, त्यांनी पुढे बैल लावावेत. असा निवांत प्रवास मी दुसरा केला नाही.

सपाटीला लागल्यावर मी म्हणालो, "आता धकलं. हबीबभाईकडे टाकू, सांजच्याला साखळी बसन."

"फाट्यावर जरा सांभाळ," भास्कर म्हणाला. "या दोघाईले अजून जुनं घर आठवते. दररोज उजवीकडं वढतात. मी कासरा तानून डावीकडं नेतो."

फाटा आला. डावीकडे सोनाळा, उजवीकडे उत्तमरावांचा मळा. भास्करनं कासरा ताणला. पण मागे गाडीचं ओझं, उतार, आणि मी नेमका ब्रेक सोडलेला. कप्तान-मंत्री उजवीकडे वळले ते पळतच.

"मिस्तरी, ब्रेक दाब."

"दाबला बे, कोण ऐकून राह्यलं."

अशी आमची वरात थेट उत्तमरावांच्या अंगणात शिरली आणि बैल आपल्या जुन्या गव्हाणीला तोंड लावून उभे राहिले. खाटेवर खुद्द उत्तमराव चहा पीत बसले होते. सकाळच्या गाडीनं जाऊन, दर्शन आटोपून लवकरच परतले होते.

ते उठले. आधी बैलांकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"काऊन हो इवाई, बैल वापस करून राह्यले का? काई खोड निघाली का त्याईच्यात?"

"नाही नाही, बैल सोन्यासारखे हायेत," भास्कर म्हणाला. "गाडी... माह्या हातून... वावरात म्हणलं व्हतं, पन मी तिले नाल्यात..."

तेवढ्यात शीतल पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. बापाचं चिखलानं माखलेलं धोतर, मफलर गुंडाळलेली गाडी, तिच्यावर मी. तिनं तोंडाला पदर लावला, पण हसू काही थांबलं नाही.

"बाबा, साखळी तुटली न?" मग सासऱ्यांकडे वळून, "मामाजी, आता तरी सांगा त्याईले."

उत्तमराव खाटेवर बसले. चहाचा कप उगाच फिरवत राहिले.

"दोन खेपा तुटली हे आंदीच," ते म्हणाले. "हबीबभाईले म्हणलं, तार पिळून दे, आन् कोनाले सांगू नको. तुमी पयल्यांदाच काई मांगतलं इवाई. नाही कसं म्हनू? आन् गाडी मोडकी हाये, हे तरी कोन्या तोंडानं सांगू? शेगावले जाऊन तेच मांगतलं, का आजच्या दिवस साखळी टिकू दे."

भास्करनं माझ्याकडे पाहिलं. "बाहेरच्या देशाची पद्धत," तो म्हणाला. मी बाकीच्यांना तारेबद्दलची माझी अक्कल सांगितली आणि सगळेच इतके हसलो की मंत्रीनं गव्हाणीतून मान वर काढली.

हसणं ओसरलं आणि भास्कर सवयीनं उठला. "येतो मंग."

शीतल तांब्या हातात घेऊन दारातच उभी होती. "बैल दररोज इकडं यायले पाहतात बाबा," ती म्हणाली. "तुमीच त्याईले वढून नेता."

भास्करनं हात-पाय धुतले आणि आत पाटावर जाऊन बसला. वांग्याची भाजी आणि गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे होते. मी दोन खाल्ले. भास्करनं किती खाल्ले ते मी मोजलं नाही. शीतल वाढत होती आणि तो नाही म्हणत नव्हता.

दुसऱ्या दिवशी खामगावला परतलो. मफलरला ग्रीसचा वास आहे, घरातून तो बाहेर दोरीवर गेला आहे. बरगड्या आठ दिवसांत बऱ्या झाल्या. झिऱ्याचा फोटो काढायचा राहिला, त्याचं वाईट वाटत नाही.

परवा भास्करला फोन केला तर म्हणाला, मळ्यात आहे, इवायाच्या गाडीची साखळी पाहायला आलो. हबीबभाईंनी नवी साखळी बसवली त्याला आता महिना होऊन गेला. मी फक्त बैल कसे आहेत ते विचारलं.

"मजेत," तो म्हणाला. "फाट्यावर आता कासरा ढिला सोडतो."