कंपनीच्या टायरांवर आखाजी

माझ्या मोठ्या भावाच्या सासऱ्यांइतका गाडीच्या तोंडाकडे न बघणारा माणूस अख्ख्या खानदेशात दुसरा झाला नसेल. नवी गाडी दिसली की चारचौघं बॉनेट कुरवाळतात, दार उघडून लावून बघतात, उगाच हॉर्न वाजवतात. आबा थेट उकिडवे बसत. धोतराचा सोगा आवरून ते आधी टायरला अंगठ्याचं नख रुतवत, मग टिचकी मारून कान लावत आणि शेवटी चक्क टायरचा वास घेत. एवढं झालं की उठून हात झटकत आणि मालकाकडे असे बघत, की त्या बिचाऱ्याला वाटे, पेढे वाटण्यात आपण जरा घाईच केली. "कंपनीना शेतस ना टायर?" ते विचारत. मालक 'हो' म्हणाला, की पुढचा अर्धा तास त्याचा नव्हता.

आबा अमळनेरजवळच्या एका खेड्यातले कापूस-भुईमुगाचे शेतकरी. वाहन म्हणाल तर घरची सायकल आणि टायरची बैलगाडी. मोटारीचं स्टिअरिंग त्यांनी जन्मात हातात धरलं नव्हतं, त्यामुळे हे टायरशास्त्र त्यांच्या अंगात कुठून शिरलं हे त्यांच्या लेकीला, म्हणजे माझ्या वहिनीलाही ठाऊक नव्हतं. पण शास्त्र पक्कं होतं. "कंपनी बठ्ठं चांगलं देस, पन टायर देवानी येळ उनी का तिना हात आखडस," हे त्याचं पहिलं कलम; बठ्ठं म्हणजे सगळं. गिऱ्हाईक रंग बघतं, काच बघतं, खाली वाकून कोणी बघत नाही, हे कंपनीला माहीत असतं. म्हणून नव्या पिकअपला कारखान्यातून लागून येणारे टायर हे फक्त शोरूमपासून घरापर्यंत येण्यापुरते असतात, असं ते सांगत. घरी आल्यावर ते उतरवावेत, बैलगाडीला लावावेत आणि पिकअपला बाजारातून जास्त प्लायचे, म्हणजे जास्त थरांचे, जाड टायर आणून बसवावेत. नवरदेवाला सूट शिवायचा आणि पायात उसने बूट घालायचे, तशातली ही गत, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं ऐकून कोणी टायर बदलल्याचं मला आठवत नाही, पण आबांनी सांगणं सोडल्याचंही आठवत नाही.

एसटीवरही त्यांची तीच नजर. स्टँडवर गाडी लागली की माणसं खिडकीतून रुमाल टाकायला धावत. आबा गाडीला प्रदक्षिणा घालत. एकदा यावलला पुतणीचं लग्न होतं. पहिल्या गाडीचा मागचा टायर त्यांना पसंत पडेना. कंडक्टर म्हणाला, "बाबा, चढता का घंटी देऊ?" आबा म्हणाले, "मागला डावा बदलाडा, मंग चढस." गाडी अर्थातच गेली. दुसरीचे टायर पहिलीपेक्षा वाईट निघाले, तीही गेली. आबा यावलला पोचले तेव्हा मांडवात शेवटची पंगत हात धुऊन सुपारी कातरत होती. नवरीचा बाप, म्हणजे आबांचा भाऊ, संतापला, वहिनीची आई कपाळाला हात लावून बसली. आबा शांतपणे म्हणाले, "उशिरा उनू, पन उनू ना?"

अशा माणसाच्या जावयाने, म्हणजे माझ्या दादाने, नवी पिकअप घेतली. नव्वदीच्या सुरुवातीचे दिवस होते. सावदा-यावलकडून केळी भरून धुळ्याच्या बाजारात आणायची, असा दादाचा बेत. जळगावहून गाडी धुळ्याला घरी आणली तेव्हा तो रस्ताभर गाणी म्हणत आला होता. पूजेला आबांना मानाने बोलावलं. आईने गाडीला हळदकुंकू वाहिलं, दादाने चारी टायरांखाली लिंबं ठेवली. आबा तोवर खाली बसलेच होते. नख, टिचकी, वास. मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "आधी लिंबू फुटस का टायर, देखूत."

माणसं हसली. दादा हसला नाही. आबा तेवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण आखाजी जवळ आली होती. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात, आणि आखाजीला लेक माहेरी गेली नाही तर खानदेशातल्या आईला घास गोड लागत नाही. दादाने मोठ्या हौसेने जाहीर केलं होतं, की या आखाजीला तो वहिनीला स्वतःच्या गाडीतून माहेरी सोडणार. आबा उठले, हात झटकले आणि म्हणाले, "ह्या टायरस्वर मनी पोर बसाव नही. मी तिले एसटीमा लई जास."

"आबा, गाडी माझी आहे," दादा म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "ती येईल तर याच गाडीतून येईल, याच टायरांवर. नाहीतर येणार नाही."

"मंग नको येऊ दे," आबा म्हणाले आणि पेढा न खाता निघून गेले.

पुढचे दिवस आमच्या घरात फार जड गेले. दादा कामावरून आला की न विचारता सांगे, आज केळी भरून आणली, काही झालं नाही टायरांना. अमळनेरकडून येणारा प्रत्येक माणूस आबांचा निरोप आणी, की टायर बदललेत का विचारलंय. दोघांपैकी एकाला तरी शहाणपण सुचावं म्हणून माझी आई देवाला साकडं घालत होती. वहिनीची आई मात्र वेगळेच निरोप धाडी: सांजोऱ्यांचं सारण करून ठेवलंय, पोरीला विचारा कधी येतेय. ते ऐकून वहिनी आत निघून जाई. तिचं माहेर दोन हट्टी पुरुषांच्या मध्ये अडकलं होतं, आणि मला दोघांचाही मनापासून राग येत होता.

पण वहिनीही आबांचीच लेक होती. आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी दादा चहा पीत असताना ती हिरवी साडी नेसून, पिशवी घेऊन बाहेर आली, पिकअपचं दार उघडून पुढच्या सीटवर बसली आणि म्हणाली, "मी बसलेय. आता कोणाला यायचं ते या." दादाचा चहा तसाच राहिला. मला म्हणाला, "चल रे तूही," आणि आम्ही निघणार, एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी आबा दिसले. पहाटेच्या एसटीने ते लेकीला न्यायला आले होते.

त्यांनी वहिनीला गाडीत बसलेलं पाहिलं. सवयीप्रमाणे गाडीभोवती एक फेरी मारली. आता रस्त्यातच भांडण जुंपणार म्हणून मी डोळे मिटून घेतले, ते उघडले तेव्हा आबा मागच्या हौद्यात चढत होते. दादा खाली उतरला. "आबा, पुढे बसा ना, जागा आहे."

"पुढे बसीसन टायर दिसतस का?" आबा म्हणाले, आणि मागच्या चाकाच्या बरोबर वर जागा धरून, फळीवरून मान खाली टाकून बसले.

त्या दिवशीचं ऊन मी विसरणार नाही. पत्रा पोळत होता, धूळ उडत होती, आबांची मान फळीबाहेर आणि त्यांचा सदरा हौद्यात शेजारी बसलेल्या माझ्या मुठीत. मधूनच ते केबिनवर थाप मारत. दादा थांबला की उतरून टायरला तळहात लावत आणि आपल्या पिण्याच्या बाटलीतलं पाणी त्यावर ओतत. दोनदा दादा वैतागून काही बोलला, तिसऱ्यांदा नुसता थांबला. मी आबांना विचारलं, "एवढी भीती वाटते तर बसलात कशाला?"

मान वर न करता ते म्हणाले, "पोर बठेल शे ना पुढे. काय व्हई ते बठ्ठासनं संगेच व्हई."

जे होईल ते सगळ्यांचं सोबतच होईल, असं ते म्हणत होते. मी सदरा आणखी घट्ट धरला. तोवर मी त्यांना एक गमतीदार म्हातारा समजत होतो. तो माणूस आतून किती घाबरलेला होता आणि तरीही चढून बसला होता, हे मला तेव्हा कळलं आणि फार वाईट वाटलं.

पुढे खडी टाकलेला रस्ता लागला. दादाने कोणी थाप न मारताच गाडी हळू केली. एकेक खड्डा वाचवत, टोकदार खडी चुकवत तो बैलगाडीच्या चालीने गाडी नेत राहिला. आबांनी बराच वेळ खाली पाहिलं, मग मान आत घेतली आणि प्रथमच पाठ टेकून बसले.

गावात गाडी पोचली तेव्हा पारावरची मंडळी वाटच बघत होती. भांडणाची बातमी केव्हाच पोचली होती. आबा धुळीने पांढरे होऊन खाली उतरले, आणि एकाने हसत हाक मारली, "काय आबा, एक बी टायर फुटना नही?"

दादा गाडीपाशीच थांबला. तोवर आबा त्याला 'धुळ्याचे पाव्हणे' म्हणत, तेही लांबूनच. आबांनी टोपी झटकली.

"टायर खराबच शेतस," ते म्हणाले. "पन मना जवाई गाडी चांगली चालाडस."

दादाने मान फिरवली आणि उगाचच आरसा पुसू लागला. वहिनी केव्हाच आईच्या गळ्यात पडली होती.

आबा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. मला ते नेहमी त्याच दिवशीच्या संध्याकाळचे आठवतात. निंबाला आखाजीचा झोका बांधलेला, गावच्या सगळ्या माहेरवाशिणी जमलेल्या, आणि वहिनी उभ्याने झोके घेत पार फांदीपर्यंत जात होती. दादाला थट्टा सुचली. म्हणाला, "आबा, दोर तपासायचा नाही का?"

आबा लेकीकडे बघत उभे होते. "नको," ते म्हणाले. "झुलू दे तिले. परवा जाई ती परत."