आक्कांची किडनी

सकाळी सहाला आक्का वरच्या मजल्यावरून उतरायच्या त्या थेट ह्यांच्या पोटाकडे. बेंबीच्या खाली, उजव्या बाजूला तळवा ठेवायचा, डोळे मिटायचे आणि विचारायचं, "कशी आहे माझी?" ह्यांची विचारपूस नाही, माझी तर नाहीच. मग कॉफी.

आक्का माझ्या थोरल्या नणंद. स्वतःची एक किडनी त्यांनी धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला दिली होती. चेन्नईच्या वेलचेरीतली आमची सगळी बिल्डिंग त्यांना देवमाणूस म्हणायची. कुणी हात जोडले की तंजावरी हेल काढून म्हणायच्या, "अय्यो, मी काय केलं? दोन होत्या, एक दिली." खोटं कशाला बोलू, मीही पाया पडले होते. माझं कुंकू त्यांनी राखलं होतं.

पुढे एकदा ह्यांच्या ऑफिसची सहल चेन्नईजवळच्या कोवलमला गेली. ह्यांनी तळलेल्या माशाचा घास उचलला, आणि बघतात तर समोर आक्का! एकट्या बसने आल्या होत्या. "मीठ किती आहे त्यात? तुझं नाही विचारत. तिला सोसेल का?" सगळे हसले, हे हसले नाहीत.

मी चिडून म्हटलं, "आक्का, एकदा दिलं ते दिलं ना?"

"मला मूलबाळ नाही, बाई," त्या शांतपणे म्हणाल्या. "माझ्या पोटातून बाहेर आलेलं तेवढंच एक."

मला वाईट वाटलं, आणि भीतीही वाटली.

गेल्या वर्षी रिपोर्ट बिघडला. किडनी थकत चालली होती. "आक्काला कळता कामा नये," हे म्हणाले. पण तिसऱ्या सकाळी आक्कांचा तळवा पोटावरून हलेना. मग त्यांची नजर ह्यांच्या सुजलेल्या पावलांवर गेली. त्या तडक डॉक्टरांकडे निघाल्या. मी मागोमाग धावले.

"दुसरी घ्या," त्या म्हणाल्या.

जिवंत माणसाची दुसरी कुणी काढत नाही, डॉक्टरांनी समजावलं. आक्कांनी मान डोलावली आणि भाजीचा भाव विचारावा तसं विचारलं, "मेलेल्याची काढता ना?"

मी ते जसंच्या तसं ह्यांना सांगितलं.

घरी हे त्यांच्यावर ओरडले, उभ्या जन्मात पहिल्यांदा. "आक्का, माझ्यासाठी असलं काही मनात आणशील तर बघ!"

"तुझ्यासाठी कोण करतंय रे?" आक्का म्हणाल्या.

आम्ही बदली मागून पुण्याला आलो. आलो कसले, पळालो. इथे आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. चेन्नईचा फोन वाजला की दोघंही दचकायचो. दिवाळीच्या तोंडावर शेजाऱ्यांचा फोन आला. आक्का गेल्या.

हे एवढंच बोलले, "कशानं?"

डेंग्यूनं. चार दिवस हॉस्पिटलात होत्या, आम्हाला कळवू देत नव्हत्या.

"डेंग्यू," हे माझा हात धरून म्हणाले, "डेंग्यूच होता गं." आणि ओक्साबोक्शी रडायला लागले. मीही रडले. पण खरं सांगते, त्याआधी आम्ही दोघांनीही सुटकेचा श्वास टाकला होता.