मोरूबाबांचा पिसाचा गळ

मोरूबाबांचं नाव आधी लिहितो, मग काय झालं ते. माझं शिक्षण आठवीपर्यंतचं. लिहिता लिहिता घाबरून मध्येच थांबलो, तर निदान नाव तरी कागदावर राहील. माझा उजवा हात आज घास उचलतो, तो त्यांच्यामुळे.

मी हिंगोलीकडचा. बोईसरला एका कारखान्यात कामाला लागलो आणि जवळच्या पाम गावात मोरूबाबांच्या लेकीच्या, लताताईंच्या, चाळीत खोली घेतली. एक दिवस कारखान्यात वाफेनं हात भाजला. जखम भरली, पण बोटं लाकडासारखी झाली. ठेकेदार म्हणाला, "मूठ वळली की ये." डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. तो दाबूनही मूठ वळली नाही तर काय, या भीतीनं मी चेंडू हातातच घेत नव्हतो. फोनवर आई, बायको, मुलगी, सगळ्यांना एकच उत्तर द्यायचो, "बरं आहे."

नळावर डाव्या हातानं कपडे पिळताना मोरूबाबांनी मला पाहिलं. समुद्रकाठच्या दांडी गावचा माणूस, उभा जन्म होडीवर गेलेला, म्हातारपणी बायकोच्या माहेरी पामला येऊन राहिलेला. दोन-तीन दिवसांनी "चल बोईसरला" म्हणत रिक्षात घातलं आणि कोंबडीच्या दुकानाशी उतरवलं. फेकायच्या पिसांत हात घालून ते कोंबड्याच्या मानेची पिसं निवडू लागले, एकेकावर फुंकर मारून. दुकानदार हसला, "चाचा, मुर्गी छोड़ के उसका कपड़ा ले जाता है."

"तुजी मुर्गी तूच खा," बाबा म्हणाले. "आमाला मरळासाठी बेडूक शिवायचा हाय."

मरळ हा तळ्यातला मासा, कमळाच्या पानांखाली दबा धरून बसतो. वरून बेडकासारखं काही उडालं की झडप घालतो. बाबा गळाला पिसं बांधून तो बेडूक करायचे. समुद्रात बांगड्यासाठी गळाला पिसं बांधतात, तीच रीत त्यांनी तळ्यावर आणली होती. ओट्यावर बसून त्यांनी एक पीस माझ्या उजव्या हातात दिलं. "धर. दोन हात पुरत नाय मला."

पिसाला जोर लागत नाही, पण बोटं जवळ यावी लागतात. माझी येत नव्हती. पीस वाऱ्यावर गेलं.

"अरे, कोंबडा मेला तरी तुज्या हातून पळतो."

"नाही जमत, बाबा."

"मग काय झालं? मला कुटं जायचं हाय? आन तुला तरी कोन बोलवतंय?"

ते खरंच होतं. किती दिवसांनी मला हसू आलं. रोज संध्याकाळी मी ओट्यावर जाऊ लागलो. आधी पीस, मग दोरा, मग गाठ. मी बांधलेला पहिला बेडूक त्यांनी उलटसुलट करून पाहिला. "ह्याला बघून मरळ तळं सोडून देवळात जाईल," म्हणाले, आणि तोच गळ आपल्या बांबूला लावला.

तळ्यावर एकदा पाण्याच्या अंगावर लालसर थरथर दिसली. मरळाची पिल्लं, आणि त्यांच्याखाली काळी पाठ. मी बांबू उचलला, तसा बाबांनी तो धरला. "पिल्लावर गळ नाय टाकायचा. आता त्याला भूक नसते. पोरांवर कोन आला म्हनून तोंड मारतो." मग थोड्या वेळानं विचारलं, "तुजी पोर केवढी?" सांगितलं. तिला हाताचं ठाऊक नाही, हेही सांगून टाकलं. मी घरी गेल्यावर फोन लावला आणि सगळं सांगितलं.

नंतर एका सकाळी माझ्या गळावर पाणी फुटलं. तंगुसाची, म्हणजे नायलॉनची, दोरी करकरली, बांबू वाकला. मी ओरडलो, "मोठा आहे, बाबा."

"मासा काय बघतोस, मेल्या? मूठ बघ."

बांबूभोवती पाचही बोटं वळली होती. मासा सुटून गेला. बाबांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

जे मरळ मिळायचे, ते सगळे माझ्या टोपात. स्वतः कधी तुकडा खाल्ला नाही. "गोड्या पान्याचा मासा, चिखल लागतो," म्हणायचे. मला वाटायचं, समुद्रावरच्या माणसाचा तोरा.

मी पुन्हा कामाला लागलो. पावसाळा सरता सरता एका सकाळी त्यांच्या छातीत दुखलं. कारखान्यात आमचे फोन गेटवर ठेवून घेतात. पाळी संपवून बाहेर आलो, तर लताताईंचे कितीतरी फोन येऊन गेले होते. बाबा गेले होते, आणि त्यांच्याच इच्छेप्रमाणे त्यांना दांडीला नेलं होतं. मी पोचलो तेव्हा किनाऱ्यावर नुसता चितेचा धूर होता. तोंडसुद्धा पाहायला मिळालं नाही.

मी लताताईंना म्हणालो, "आता तळ्यावर कोण जाणार?"

त्या म्हणाल्या, "तळ्यावर? अरे, मरळ आईला आवडायचा, म्हनून बाबा जायचे. ती गेली तसा बांबू मोडून चुलीत घातला त्यांनी. वर्सं झाली. तुजा हात बघून आले नि मला कोयता मागितला. म्हटलं, कशाला? तर म्हनाले, नवा बांबू तोडायचा हाय."

मी वाळूत बसलो.

बाबांना मुलगा नव्हता. आमच्याकडे पितृपक्षात गेलेल्या वडिलांचं पान वाढतात. आज माझं घर म्हणजे ही भाड्याची खोली, इथं काय वाढणार? पण एक दिवस हिंगोलीला माझं घर उभं राहील, तेव्हा वडिलांच्या शेजारी तुमचं पान असेल, बाबा. त्यावर समुद्राचा पापलेट असेल, इथून बर्फात घालून नेलेला. त्या दिवशी मासा वाढला म्हणून आई कुरकुरेल. तिला मी समजावीन. पान मात्र माझ्या उजव्या हातानं वाढीन.