हिरव्या खुणा आणि तापाचं औषध

कंपनीचं काम मी नळदुर्गच्या घरूनच करते. त्या आठवड्यात लहान मुलांच्या औषधाची मात्रा काढणारा प्रोग्राम तपासायचा होता. कोड लिहायचं सॉफ्टवेअर, म्हणजे एडिटर, कोड वाचून स्वतःच चाचण्या लिहून देतो, म्हणून बटण दाबलं. तर ‘एकही चाचणी सापडली नाही’ एवढंच आलं. सकाळ त्यातच गेली. शेवटी कळलं, चाचण्या भलत्याच फोल्डरमध्ये तयार होत होत्या. सेटिंग बदललं आणि अकरा चाचण्या ओळीनं हिरव्या, म्हणजे पास, झाल्या.

माझे वडील, अप्पा, शेजारी चहा पीत होते. सरकारी दवाखान्यात कंपाउंडर म्हणून त्यांची हयात गेली. म्हणाले, “वाचून दाखव की एखादी.”

मी वाचलं, “वजन आठ किलो. तापाचं पातळ औषध, एका वेळी वीस मिली.”

त्यांनी कप खाली ठेवला. “वीस? न्हाय. ही दिवसाची बेरीज झाली. एका वेळेला पाच.”

“पण सगळ्या चाचण्या पास आहेत, अप्पा.”

“पास कुणी केलं?”

मी कोड उघडला. दिवसाच्या मात्रेला चारनं भागायचं मीच विसरले होते. एडिटरनं माझा कोड वाचला, त्यातलं उत्तर बरोबर धरलं आणि त्यावरच चाचण्या बेतल्या.

अप्पांनी कप बाजूला सारला. मग म्हणाले, “एकदा माझ्याकडनं झालंय असं. औषध मोजायचा चमचा मोठा होता, म्या बघितलाच न्हाय. लेकरू दोन दिवस दवाखान्यात होतं. वाचलं. तरीबी त्याची आई मला ‘दादा’च म्हणत होती, तेच लई लागलं.”

हे त्यांनी घरात कधीच सांगितलं नव्हतं.

मी अकराही चाचण्या पुसल्या. अप्पा वजनं सांगत गेले, मात्रा सांगत गेले आणि मी हातानं लिहीत गेले. सगळ्या लाल झाल्या. कोड दुरुस्त केल्यावर एकेक हिरवी झाली. प्रोग्राम अजून कुठल्याही दवाखान्यात पोचला नव्हता. तरी झालेली चूक मी साहेबांना फोन करून सांगितली आणि आकडे कंपनीच्या डॉक्टरांकडं पाठवले.

डॉक्टरांनी एक आकडा बदलला. मी तो भीत भीतच अप्पांना दाखवला.

चष्मा लावून त्यांनी तो दोनदा वाचला. “त्यांचंच बरोबर आहे,” म्हणाले. “माझं जुनं झालं. तसंच लिही.”