बोट धक्क्याला लागेपर्यंत

दुर्ग स्टेशनावर गाडी हलली तेव्हा बाबा खिडकीचा गज धरून चालू लागले. आमच्या घरात रडण्याचं खातं आईकडे आणि सूचनांचं बाबांकडे. "पोचली का लगेच कळवजो बेटा," एवढं ते म्हणाले आणि फलाट संपला. मला रागच आला होता. सव्वीस वर्षांची झाले तरी हे सांगायचं?

मी ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर शिंपल्यांच्या शेतीवर कामाला आले. समुद्रात दोर सोडून त्यावर शिंपले वाढवतात. सकाळी बोट काढायची, दोर वर ओढायचे, चारपर्यंत परत यायचं. शिवनाथ नदीपलीकडे पाणी न पाहिलेली मुलगी समुद्रात शेती करते म्हणून भिलाईजवळच्या आमच्या रिसालीत सगळे किती हसले होते. इथले माझ्यासारखे घर सोडून आलेले मात्र हसले नाहीत. त्यांनी विचारलं, जेवतेस काय?

दोन वर्षांनी बोटीच्या मालकाने नवा चार्टप्लॉटर निवडायचं काम माझ्यावर टाकलं. सुकाणूशेजारचा हा पडदा. समुद्राचा नकाशा आणि त्यावर आपली बोट दाखवणारा. निवड दोन यंत्रांतून होती. एकाचा पडदा मोठा, रंग झकास, पण दिवसभराचा ट्रॅक, म्हणजे बोट कुठून कुठे गेली ती रेघ, फक्त त्याच कंपनीच्या ॲपमध्ये उघडायचा. दुसरा लहान आणि जरा सुस्त, पण त्याचा ट्रॅक कार्डावर साध्या फाइलमध्ये उतरायचा आणि फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये कुठल्याही जुन्या कंप्युटरवर दिसायचा. असा एक जुना कंप्युटर मला ठाऊक होता. माझ्या कॉलेजसाठी भिलाईच्या पावर हाउस बाजारातून आणलेला, रिसालीच्या घरात क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेला.

मालकाला मी सांगितलं, उन्हात लहान पडदाच बरा दिसतो. धडधडीत खोटं. त्याने मान डोलावली.

सुट्टीत घरी गेले तेव्हा त्या कंप्युटरवर सॉफ्टवेअर बसवलं, आमच्या खाडीचा नकाशा भरला, बाबांना फाइल उघडायला शिकवलं. निळ्या पाण्यावर माझी लाल रेघ उमटली. बाबा कितीतरी वेळ तिच्यावरून बोट फिरवत राहिले. "इथून वळली का तू? कावून वळली?" मी म्हटलं, खडक आहे बाबा. ते एकदम गंभीर झाले.

बाबांनी जन्मभर भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवली. तिथला रिवाज असा की रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आल्याशिवाय जागा सोडायची नाही. तो उशिरा आला तर तुम्ही बसून राहायचं. लहानपणी दोनला सुटणाऱ्या बाबांची आम्ही कितीदा तरी चारपर्यंत वाट पाहिली आहे. रिटायर झाले, क्वार्टर सोडलं, रिसालीत घर बांधलं, पण तो रिवाज अंगातून गेला नाही. आमचे दुपारचे चार म्हणजे भिलाईचे सकाळचे साडेदहा, कधी साडेअकरा. तेव्हा मी कार्डावरून मेलने पाठवलेली फाइल पोचायची, रेघ धक्क्याला टेकलेली दिसायची, आणि मगच बाबा खुर्चीतून उठून जेवायला बसायचे. मला हे आईने सांगितलं तेव्हा मी हसले होते. खरं सांगायचं तर सुखावले होते.

त्या दिवशी आमच्या एका म्हाताऱ्या खलाशाचा निरोप समारंभ होता. बोट बांधली आणि आम्ही तसेच समोरच्या खानावळीत गेलो. कार्ड प्लॉटरमध्येच राहिलं, फोन जॅकेटच्या खिशात, जॅकेट बोटीवर. तीन तासांनी फोन हातात घेतला तर आईचे अकरा मिस्ड कॉल.

आई नंतर म्हणाली, "छातीत दुखून राहिलं म्हणे. मी म्हटलं चला, ऑटो बोलावते. तं म्हणे, पोरगी पाण्यात हाय, तिची रेघ येऊ दे, मंग जाऊ." ऑटो आला तेव्हा उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाले, लवकर आणायला हवं होतं. आईने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. मी तो मोठा पडदा निवडला असता तर बाबा त्या सकाळी उठून ऑटोत बसले असते. इतक्या मायेने केलेली निवड अशी उलटावी, याचं काय करायचं मला अजून कळलेलं नाही.

तेराव्यानंतर मी ते सॉफ्टवेअर काढून टाकायला बसले. आईने माझा हात धरला.

"काढू नको. मले शिकव."

"आई, मी आता फोन करत जाईन ना."

"फोनवर तू काही बी सांगशील. मले दिसलं पाहिजे."

मी खूप भांडले. शेवटी शिकवलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माझ्या आईने दोन दिवसांत माउस धरला, फाइल उघडली, आणि खडकाचं वळण न सांगता ओळखलं.

आता बोट बांधली की मी आधी कार्ड काढते. हात खारट, बोटं सुजलेली, मागून कुणीतरी हाका मारत असतं. घर म्हटलं की मला रिसालीचं दार आठवत नाही, अंगण आठवत नाही. एक बाई आठवते, कंप्युटरसमोर उपाशी बसलेली. मी फाइल पाठवते. दोन मिनिटांनी तिचा फोन येतो, "दिसली," म्हणते, आणि जेवायला उठते.