डब्याच्या कोपऱ्यातली शोभा

शोभानं आणि मी मिळून शेवटचं काम केलं ते तुरीच्या शेंगा सोलायचं. दारात बसलो होतो. सोलता सोलता मी तिला मोबाईलवर माझं ऑफिसचं काम दाखवलं. तिनं मोबाईल नाकाशी धरला.

"माहं नाव इतकं बारीक काहून? मुंगी बसल्यावाणी दिसते."

"सही बारीकच असते."

"मंग टाकता कायले?" म्हणाली अन् टोपली माझ्याकडे सरकवली.

त्याच आठवड्यात भांडी घासता घासता आडवी झाली. उठली नाही.

मी पेंटर. शाळा सहावीपर्यंत. बाभुळगावातले निम्मे बोर्ड माझ्या हातचे. बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात पेंटर सही टाकतो. माझी सही 'शोभा आर्ट'. आर्ट माझं, नाव बायकोचं. मग छापील फ्लेक्स आले, वरून कापसाचं पीक बसलं. बोंडअळीच्या सालात नवीन दुकान कोण उघडते? दुकान नाही तर बोर्ड कायचा?

तेव्हा यवतमाळच्या एका सॉफ्टवेअरवाल्या साहेबानं बोलावलं. त्यांचा माल असा, की कोड न लिहिता कोणीही आपलं अ‍ॅप बनवावं. तयार डबे असतात. नावाचा डबा, वजनाचा डबा, फोटोचा डबा. बोटानं ओढून पडद्यावर लावायचे, झालं अ‍ॅप. डबे दिसायचे कसे, ते मी ठरवायचं. गावच्या माणसाला झटकन वाचता यावं, म्हणून पेंटर ठेवला. कार्डावर 'डिझाईन हेड' छापलं. हाताखाली कोणी नाही. मीटिंगमध्ये साहेब विचारत, "डिझाईन टीमचं काय म्हणणं?" मी म्हणे, "टीम चहा पिऊन राह्यली."

शोभाचे तेरा दिवस झाले अन् कामावर गेलो.

साहेब म्हणाले, "काका, थांबायचं होतं अजून."

"घरी काय करू? भिंत पाहू?"

त्याच दिवशी डेमो होता. राळेगावकडचे जिनिंगवाले शेठ आले होते. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. गेटवर गाड्यांची ही लांब रांग. कोणाचा नंबर कधी, हे शेतकऱ्याला मोबाईलवर कळावं, असं अ‍ॅप त्यांना पाहिजे होतं. शेठनं घेतलं तर कंपनी चालेल, नाही तर कुलूप, हे साहेबांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

शेठनं स्वतः डबे ओढले. पडदा भरला. मग चष्मा वर केला.

"ही शोभा कोण हो? हर डब्यात बसली हाये."

मी पाहिलं. हाताच्या सवयीनं डब्याच्या कोपऱ्यात सही टाकली होती. बोर्ड एक, तर सही एक. इथं डबा जितक्यांदा ओढला तितक्यांदा शोभा.

"माही बायको," मी म्हटलं.

शेठ खो खो हसले. "अरे पेंटर, जिनिंग माही अन् नाव तुह्या बायकोचं? घरची मले उभं करन का दारात? नाव काढा, मंग घेतो. वहिनीले सांगजो, रागावू नको म्हणा."



"सांगतो," मी म्हटलं.

शेठ गेल्यावर साहेब म्हणाले, "त्यांना माहीत नव्हतं, काका."

"बरं झालं. हसले तरी."

"नाव आपण 'आमच्याविषयी'च्या पानावर टाकू."

"तिथं कोण जाते? तुम्ही तरी गेलते का?"

"मग प्रोग्रामरला सांगतो काढायला."

"त्याले हात लावू देऊ नका. डिझाईन टीम पाहून घेईन."

यात एक मूळ डबा असतो, बाकी सगळ्या त्याच्या नकला. मूळ बदललं की सगळीकडे बदलते. बोर्डावरची सही मिटवायची तर गावोगाव शिडी घेऊन फिरावं लागते. इथं एक बटन. याला साहेब सोय म्हणतात.

शेठनं अ‍ॅप घेतलं, कंपनी टिकली. आता कोणी विचारलं तर एवढंच सांगतो, दुसऱ्यानं ओढायच्या वस्तूवर आपली सही टाकू नये.

डेमोच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं गेलो. मूळ डबा उघडला. नावावर बोट ठेवलं, काढायचं बटन दाबलं. पडद्यावर पाटी आली, 'नक्की काढायचं? परत आणता येणार नाही.' ही पाटी माझीच. घाईत कोणाचं काही पुसलं जाऊ नये म्हणून 'नाही' मोठं केलं होतं अन् 'होय' बारीक.

चष्मा लावला, 'होय' शोधलं आणि दाबलं.