सेल्वीवरचा आळ

पहिल्याच भेटीत मी सेतुमामांच्या मनातून उतरले. वेलचेरीच्या आमच्या इमारतीत मी राहायला आले त्या संध्याकाळी त्यांनी कॉफीला बोलावलं आणि मी स्टीलचा पेला सरळ ओठांना लावला. मामांनी डोळेच मिटून घेतले. "वरून ओतून पी, पोरी. उष्टें करूं नये," ते म्हणाले. जाताना तो पेला मलाच विसळून पालथा ठेवावा लागला. त्यांच्या पाठीमागून रुक्माबाई, त्यांची बायको, हसत होत्या.

सेतुमाधवराव विमा कचेरीतून निवृत्त झालेले. गेल्या वर्षी ते गेले. घराणं तंजावरचं, मराठी जुन्या पोथीतली आणि हेल तमिळ. ओरगडमच्या कारखान्यातून मी परतले, की जिन्यात गाठून विचारायचे, "अत्तांच आलीस कीं? जेवलीस कीं नाहीं?" माझ्या साताऱ्याच्या मराठीला बाजारी म्हणायचे, पण सणाला पहिलं ताट माझ्याकडे धाडायचे. जिभेला हाड नव्हतं, आणि चूक मान्य करणं तर त्यांच्या कुंडलीतच नव्हतं.

साथ आली, सगळं जग हात धुवायला लागलं आणि मामांची छाती फुगली. "अम्ही हें पिढ्यान्‌पिढ्या करत आलों. उष्टें नाहीं, विटाळ नाहीं. अमच्या घरांत रोग शिरेल कसा?" बाहेरून आले की डोक्यावरून आंघोळ करायचे. पण पाकिटातली कॉफी पावडर चालत नसे, म्हणून ताजी दळून घ्यायला दुकानाच्या गर्दीत जाऊन उभे राहायचे, मास्क हनुवटीवर ठेवून. हवेला कुठलं आलंय सोवळं! एकदा घसा खवखवला, तर मिरीचं रसम पिऊन मोकळे झाले. त्यानंतर थोड्याच दिवसांत रुक्माबाईंना ताप भरला. त्या रुग्णालयातून परत आल्याच नाहीत.

मामांच्या नाकातला नमुना त्यानंतर घेतला. त्यात काही निघालं नाही. मग रोग आणला कोणी? त्यांच्या हिशेबी उत्तर एकच होतं, घरकामाला येणारी सेल्वी. "तिनेंच आणला," ते लिफ्टमध्ये सांगत, गच्चीवर सांगत, सोसायटीच्या सेक्रेटरीला सांगत. एकेका घराने सेल्वीचं काम काढून घेतलं. मी मामांशी बोलणं सोडलं. दुःखाने माणूस आंधळा होतो हे मला कळत होतं, तरी राग यायचा तो यायचाच.

लस अजून यायची होती. साथ जरा ओसरल्यावर सोसायटीने अँटीबॉडीच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेची माणसं बोलावली. कामवाल्या बायकांनाही बोलावलं होतं. सेल्वी आली. "माझ्या रक्तात काही निघालं नाही, तर काम परत द्याल ना?" तिने सेक्रेटरीला तमिळमध्ये विचारलं. मामा तिच्या पुढे जाऊन खुर्चीत बसले, बाही वर केली. मला म्हणाले, "माझें रक्त निर्मळ अहे. तें आधीं सगळ्यांस कळूं दे."

निकाल आले. सेल्वीच्या रक्तात अँटीबॉडी नव्हत्या. मामांच्या रक्तात होत्या, भरपूर.

प्रयोगशाळेची तरुण डॉक्टर सोसायटीच्या ऑफिसात बसली होती. मामा तिच्याशी भांडायलाच गेले. ती शांतपणे म्हणाली, "सार, आज रोग आहे का, हे ही तपासणी बघत नाही. तो येऊन गेला असेल तर मागे खुणा राहतात, त्या बघते. तुम्हाला तो होऊन गेलाय. कळला नाही, इतकंच."

"म्हणजे माझ्या बायकोला मी दिला?"

"ते यातून कळत नाही. कोणाकडून कोणाला गेला, हे रक्त सांगत नाही. सेल्वीच्या खुणा पुसल्या गेल्या असतील, असंही होऊ शकतं."

सेक्रेटरीला हायसं वाटलं. "बघा मामा, कोणावरच काही सिद्ध होत नाही. सोडून द्या."

मामांनी हातातल्या कागदाची घडी घातली. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "येवढें रक्त काढून यांस सांगतां येत नाहीं. मग मीं काय बघून सांगितलें, गे?"

त्याच संध्याकाळी ते मला सोबत घेऊन निघाले. रेल्वे स्टेशनमागच्या गल्लीत सेल्वीचं घर होतं. शेजारपाजारच्या बायका दारात उभ्या राहिल्या. त्या सगळ्यांसमोर मामांनी हात जोडले. "अम्मा, मी खोटा आळ घेतला," ते तमिळमध्ये म्हणाले. "मला माहीत नव्हतं, तरी माहीत असल्यासारखं बोललो. उद्या इमारतीत दारोदार जाऊन हेच सांगणार आहे. तू कामावर ये."

सेल्वी उंबऱ्यात उभी होती. तिने हात जोडले नाहीत.

"कामावर येईन, अय्या. पोट आहे," ती म्हणाली. "पण रुक्माअम्मा गेल्या तेव्हा मला रडायचं होतं. तुम्ही मला गेटपाशी उभंही राहू दिलं नाही."

सेतुमामा तिच्या पायरीवर खाली बसले.

"आत्ता रड," ते म्हणाले. "मलाही अजून रडता आलेलं नाही."

सेल्वी दारातच बसली. मी तोंड फिरवून रस्त्याकडे बघत उभी राहिले.